निळा, दोन थेंब

"म्हणजे अजून फोन केलाच नाहीस?"

"करते ना. पाच वाजेपर्यंत वेळ आहे."

"आई, पंधरा दिवस झाले, वेळच आहे! आज शेवटचा दिवस. पाचला त्या बाई स्वतः तुला फोन करणार आहेत. काय सांगणार त्यांना? 'करते ना'?"

"तू आधी मोजे घाल. उशीर होतोय."

"विषय बदलू नकोस."

"विषय कुठे बदलतेय? मोजे देतेय. धर."

लेकीने मोजे धरले. एकदा मोज्यांकडे बघितलं, एकदा आईकडे.

"हा काळा आहे. आणि हा निळा."

"सारखेच आहेत."

"आई, एक काळा आहे, एक निळा आहे."

"इथे अंधार आहे. खिडकीपाशी जाऊन बघ," आई म्हणाली आणि डबा भरायला वळली. लेक खिडकीपाशी गेली. तिथेही एक काळा होता आणि एक निळा होता. तिने मुकाट्याने दुसरा जोड काढला, कारण रंगावरून या बाईशी वाद घालायची घरात पद्धत नव्हती. सव्वीस वर्षं आई त्याच गोष्टीचा पगार घेत होती.

रंगाच्या कारखान्यात ती शेड बघायची. म्हणजे मोठ्या पिंपातला रंग डब्यात भरायच्या आधी ठरल्यासारखा उतरलाय की नाही, ते नुसत्या डोळ्याने बघून सांगायचं. जरा पिवळा मारतोय. लाल कमी करा. आता बसला. ती 'बसला' म्हणाली की चार हजार लिटर रंग डब्यात जायचा. नाही म्हणाली की चार हजार लिटर रंग आणि अकरा माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. कंपनीत सगळे तिला मावशी म्हणत. पाठीमागे करडी मावशी म्हणत, आणि तेही तिला माहीत होतं.

करडी का, त्यालाही कारण होतं. अंगावर रंगीत कपडा असला की त्याची झाक समोरच्या नमुन्याच्या पट्टीवर पडते, म्हणून शेड बघणाऱ्याने राखाडी कोट घालावा असा नियम आहे. नियम फक्त कोटापुरता आणि फक्त लॅबपुरता. मावशीने तो उचलून घरी आणला. कपडे राखाडी, पडदे राखाडी, भिंती राखाडी. रविवारीसुद्धा. "डोळा बिघडतो," ती म्हणायची. लेकीने पहिल्या पगारातून आणलेला लाल स्वेटर तीन वर्षं कपाटात होता. पिशवीतून बाहेर आला नव्हता.

आता पुलापलीकडच्या रंगाच्या कंपनीला हा डोळा हवा होता. स्वतंत्र खोली, हाताखाली चार माणसं, आणि घरापासून चालत दहा मिनिटं. पत्र आलं होतं. पत्रात 'आपली नजर' असा शब्द दोनदा होता.

"तिथे काय वाईट आहे ते तरी सांग," लेक म्हणाली.

"वाईट काही नाही. पण इथे काय वाईट आहे?"

"इथे? जायला दोन बस, यायला दोन बस. सव्वीस वर्षांत धड खुर्ची दिली नाही. जी दिली तिचाही पाय हलतो."

"तो मीच हलता ठेवलाय. टेकून बसलं की झोप येते."

"देवा!"

"तुझं बरं आहे गं. तीन वर्षांत चौथी नोकरी. ओळखपत्रावरचा फोटो वाळत नाही तोवर राजीनामा."

"हो, कारण मी माझ्यासाठी काम करते. तू कोणासाठी करतेस? ते तुला हाकलत नाहीत म्हणून तू राहतेस."

"हाकलत नाहीत? ते मला सोडत नाहीत. मी गेले तर सात नंबर कोण बसवणार?"

सात नंबर म्हणजे कंपनीचा पांढरा. सगळ्यात जास्त खपणारा आणि सगळ्यात अवघड. लेकीला तो जन्मापासून ठाऊक होता. धाकटं भावंड असतं तर ते जेवढं ठाऊक असतं, तेवढा.

"सोडत नाहीत, हे विचारलंस कधी त्यांना?" लेकीने विचारलं.

मावशीने डब्याचं झाकण लावलं. झाकण जरा जोरात बसलं.

*

लॅबमध्ये मावशीची जागा उत्तरेच्या खिडकीपाशी. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. तो बदलत नाही, चढत नाही, उतरत नाही. मावशीचंही तसंच होतं. नऊला कोट अंगावर, पाचला कोट खुंटीला. नवरा आजारी पडला तेव्हाचे चार महिने सोडले तर त्यात खंड नव्हता. ते चार महिने कंपनीने तिची जागा रिकामी ठेवली होती, आणि लॅबचा केमिस्ट आळीपाळीने दवाखान्यात बसला होता. आळीपाळी म्हणजे कधी मावशी, कधी तो. लेक तेव्हा शिकायला बाहेरगावी होती, तिसरं कुणी नव्हतं. नवरा गेला. ती पाचव्या दिवशी कामावर आली आणि म्हणाली, "सात नंबर पिवळा मारतोय."

केमिस्ट आता चाळिशीचा. डोक्यावरचे केस गेलेले, बाकी स्वभाव होता तसाच. दोघांची कामाची रीत ठरलेली होती. मावशी खिडकीपाशी पट्टी धरून सांगायची, "निळा, दोन थेंब." केमिस्ट "हो मावशी" म्हणायचा, पाठ करून टेबलाकडे वळायचा, थेंब टाकायचा, चमच्याने टुणटुण ढवळायचा, नवी पट्टी रंगवून आणायचा. मावशी बघायची. "हां. आता बसला." मागे कोपऱ्यात रंग मोजायचं मशीन होतं. त्याच्यावर मावशीचा फारसा विश्वास नव्हता. ते आल्या आल्या तिने त्याच्यावर कापड टाकलं होतं. धूळ बसू नये म्हणून, असं ती म्हणायची.

याच आठवड्यात मुख्य कचेरीतून एक मुलगी आली होती. माणसं कंपनीत का टिकतात याचा ती अभ्यास करत होती. तिच्याकडे चोवीस वाक्यांचा फॉर्म होता. प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. सगळे तिला सर्व्हेवाली म्हणू लागले. नव्वद फॉर्म भरून आले होते. मावशीचा एकटीचा राहिला होता. ती अकराव्या वाक्यावर अडली होती: 'ही संस्था आत्ता सोडली तर मला अपराधी वाटेल.'

"अडण्यासारखं काय आहे मावशी?" सर्व्हेवालीने गोड आवाजात विचारलं होतं. "मनात येईल त्या आकड्याला गोल करायचा."

"अपराधी म्हणजे किती अपराधी?"

"तेच तर एक ते पाच. म्हणजे बघा, माणूस तीन कारणांनी टिकतो. एक, मनापासून. दोन, नाइलाजाने. तीन, भिडेखातर. आम्ही फक्त मोजतो, कुणात काय किती आहे."

"आणि सवयीने?"

"ते नाइलाजात धरतो."

मावशीने फॉर्म घडी करून कोटाच्या खिशात ठेवला होता. पुलापलीकडचं पत्रही त्याच खिशात होतं. दोन्ही कागद पांढरे, पण एकाचा पांढरा जरा गार, निळसर होता. कुठल्याचा, ते तिला नक्की सांगता येत नव्हतं. खिशात अंधार असतो, असं तिने स्वतःला सांगितलं.

*

चहाच्या सुट्टीत पाण्याच्या पिंपावरच्या फलकाशी गर्दी होती. सर्व्हेवालीने फॉर्ममधली निवडक उत्तरं टाइप करून लावली होती. वर मथळा: 'बांधिलकीची बोलकी उदाहरणं'. नावं गुप्त ठेवली होती. प्रश्न होता, 'नेमून दिलेल्या कामापलीकडे तुम्ही काय करता?'

मावशी आली तशी गर्दी आपसूक बाजूला झाली. ती नेहमीच व्हायची. आज जरा लवकर झाली, एवढं तिच्या लक्षात आलं.

तिने चष्मा लावून पहिलं उत्तर वाचलं. कुणीतरी सुट्टीच्या दिवशी येऊन फाटकाला तेल घालत होतं. दुसरं वाचलं. मग तिसरं.

'आमच्या लॅबमध्ये एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांच्या डोळ्याला आता निळा कमी दिसतो. त्या निळा घालायला सांगतात तेव्हा मी पाठ करून नुसतं ढवळतो. त्यांचं मन राहतं आणि मालही बरोबर जातो. मशीनवर मी गुपचूप तपासून घेतो. गेली चार वर्षं हे चालू आहे. याचा मला वेगळा मोबदला मिळत नाही, आणि नको आहे.'

मावशीला आधी वाईट वाटलं. कोण बिचारी, असं तिच्या मनात आलं. कुठल्या लॅबमधली असेल?

मग तिने मोजलं. कंपनीत लॅब एकच होती. लॅबमध्ये माणसं पाच. त्यातली ज्येष्ठ...

"छान लिहिलंय," ती म्हणाली. पिंपाभोवती कुणी हललं नाही. तिने ग्लासभर पाणी घेतलं, पूर्ण प्यायली, ग्लास उपडा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

*

फलकाचं केमिस्टला काही माहीत नव्हतं. तो चहा जागेवरच प्यायचा. सुट्टी संपली तसा तो सात नंबरची पहिली पट्टी घेऊन आला.

"बघता का मावशी?"

मावशीने पट्टी उजेडात धरली. तिरकी केली, सरळ केली. हाताच्या अंतरावर नेली. सव्वीस वर्षांत जे जे करत आली ते सगळं केलं, एकही पायरी गाळली नाही.

"काळा," ती म्हणाली. "दोन थेंब."

"हो मावशी," केमिस्ट म्हणाला आणि पाठ करून वळला.

टुणटुण आवाज आला. बराच वेळ आला. केमिस्ट काम चोख करायचा. मग नवी पट्टी घेऊन आला आणि तिच्या हातात दिली. पांढरी. शुभ्र. काळ्याचा अर्धा थेंब जरी पडला असता तरी त्या पांढऱ्याचा धूर झाला असता. हे लॅबमधल्या झाडूवाल्यालाही कळलं असतं.

मावशीने बघितलं. "हां," ती म्हणाली. "आता बसला."

केमिस्टने सवयीने वहीकडे हात नेला आणि हात तिथेच थांबला. त्याच्या कानात आधीचं वाक्य आत्ता पोचलं होतं.

"काळा म्हणालात तुम्ही?"

"काळा म्हणाले."

"मावशी..."

"कधीपासून?"

"बसा ना तुम्ही."

"बसलेलीच आहे. कधीपासून?"

"चार वर्षं. काकांच्या नंतर. तुम्ही आलात त्याच दिवसापासून." त्याने वही बंद केली, उघडली, बंद केली. "तुम्ही म्हणालात पिवळा मारतोय. मशीन म्हणालं, बरोबर आहे. मला वाटलं रडून रडून डोळे तसे झाले असतील. होतील बरे आठ दिवसांत."

"मी रडले नव्हते."

"ते मला नंतर कळलं."

"मग तेव्हा सांगायचं."

"सांगणार होतो. पण त्या आठवड्यात तुम्ही माझ्या मुलीसाठी टोपी विणून आणलीत. राखाडी. आता टोपी घेऊन कोण असं सांगतं? मग पुढच्या आठवड्यात म्हटलं तर... एकदा पाठ केली ना मावशी, की मग तोंड करणं अवघड होत जातं."

"तोंड करायला मी आहे ना. सगळ्यांना माहीत आहे?"

केमिस्टने जमिनीकडे बघितलं. जमीन राखाडी होती.

"साहेबांना?"

"साहेबांनीच सांगितलं, ढवळताना आवाज येऊ दे म्हणून."

*

साहेब म्हणजे कारखान्याचे मुख्य. बावीस वर्षांपूर्वी ते शिकाऊ म्हणून याच लॅबमध्ये आले होते, आणि पांढऱ्या-पांढऱ्यातही फरक असतो हे त्यांना मावशीने शिकवलं होतं. मावशी पावणेपाचला त्यांच्या खोलीत गेली तेव्हा सर्व्हेवाली आधीच तिथे होती. तिचे डोळे लाल. ते मावशीला स्वच्छ दिसले.

"मला खरंच माहीत नव्हतं हो तुम्हीच त्या," सर्व्हेवाली म्हणाली. "मला ते उदाहरण फार आवडलं होतं."

"मलाही आवडलं," मावशी म्हणाली.

"बसा मावशी," साहेब म्हणाले. "डोळ्याचं काय एवढं मनावर घेता? मशीन आहे ना. तुमच्या डोळ्यासाठी का आम्ही तुम्हाला ठेवलंय?"

आपण काय बोललो ते साहेबांना ऐकू आलं.

"म्हणजे, तुम्ही आहात म्हणून लॅब आहे. सगळे नऊच्या ठोक्याला येतात ते तुमच्या धाकाने."

"म्हणजे भोंगा."

"भोंगा नाही हो..."

"फाटकावरचा मोडला, तो तुम्ही दुरुस्त केलाच नाहीत. का ते आता कळलं." मावशीने खिशातून फॉर्म काढला आणि सर्व्हेवालीपुढे ठेवला. "हे अकरावं वाक्य. संस्था सोडली तर मला अपराधी वाटेल का. हो ना?"

"हो."

"मला ठेवून संस्थेला कसं वाटतं, हे कुठल्या फॉर्मात आहे?"

सर्व्हेवालीने फॉर्म उलटून बघितला, मागे काही असेल म्हणून. "तसा फॉर्म नाही मावशी."

"बरं."

"मावशी, कुणी तुम्हाला फसवलं नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बावीस वर्षांपूर्वीच्या शिकाऊसारखा झाला होता. "तुम्हाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी कोट काढला असता. काका नुकतेच गेलेले. कुठे जाणार होतात तुम्ही?"

ते खरं होतं. ती कुठेच जाणार नव्हती. मावशीला राग धरायला कडा सापडत नव्हती. फसवणूक म्हणावी तर त्यात टोपीची परतफेड होती. माया म्हणावी तर तिच्या मागे चार वर्षं नुसता चमचा वाजत होता. आणि सकाळी ती घरात छाती काढून सांगून आली होती, की ते मला सोडत नाहीत. खरंच सोडत नव्हते.

मग पाच वाजले आणि तिचा फोन वाजला. मावशीने तो तिथेच घेतला. पुलापलीकडच्या बाईंचा आवाज मोठा होता, त्यामुळे तो सगळ्यांनी घेतला.

"नमस्कार! मग, काय ठरलं तुमचं?"

साहेबांच्या भुवया वर गेल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. खोलीत आज पहिल्यांदाच एक गोष्ट अशी निघाली, जी मावशीला माहीत होती आणि त्यांना नाही.

"तुम्ही मला नजरेसाठी बोलावताय ना?" मावशी म्हणाली.

"अर्थात."

"नजर चार वर्षांपूर्वीच राजीनामा देऊन गेली. मला आज कळलं. निळा दिसत नाही."

पलीकडे क्षणभर कागद चाळल्यासारखा आवाज आला.

"मोतीबिंदू असेल," बाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंना तसंच व्हायचं. करून घ्या ऑपरेशन, अर्ध्या तासाचं काम असतं. परत आल्यावर त्या म्हणाल्या, घर केवढं निळं झालंय! आम्ही दोन महिने थांबतो. मग तुमची परीक्षा घेऊ. बसली नजर तर या, नाहीतर राहिलं. चालेल?"

"ऑपरेशन करते," मावशी म्हणाली. "पुढचं मग." आणि फोन ठेवला.

मोतीबिंदू असेल, हे सांगायला एका अनोळखी बाईला पाऊण मिनिट लागलं होतं. सासूबाईंसकट.

"मावशी," साहेब म्हणाले, "तुम्ही तिकडे..."

पण पाच वाजून गेले होते, आणि पाचनंतर मावशी कुणाच्या खोलीत थांबत नसे.

*

लॅबमध्ये केमिस्ट एकटाच होता. त्याने मशीनवरचं कापड काढून घडी करून ठेवलं होतं. ते कुणासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"साहेब काय म्हणाले?"

"भोंगा दुरुस्त करा म्हटलं त्यांना."

"मावशी, मी चुकलो. पण तुम्ही गेलात तर... म्हणजे डोळ्याचं सोडा. मी नऊ वाजता दार उघडलं आणि त्या खिडकीत कुणी नसलं तर मी कुणाला हो म्हणू?" तो थांबला. मग त्याने सरळच विचारलं, "उद्या येणार ना?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं. तोंडाकडे. चार वर्षांत याचे केस एवढे गेलेत, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने त्याची पाठच जास्त बघितली होती.

"निळा," ती म्हणाली. "दोन थेंब. खरे."

"आत्ता?"

"आत्ता."

तो वळला. बाटली शोधायला त्याला वेळ लागला. निळी बाटली मागच्या फळीवर गेली होती आणि तिच्या बुचावर रंग सुकून बसला होता. तो बूच फिरवत राहिला. "येणार ना, मावशी?" त्याने पाठमोऱ्यानेच पुन्हा विचारलं.

मावशीने कोट काढला आणि खुंटीला लावला. तसा तो रोजच पाचनंतर खुंटीला असायचा, त्यामुळे त्यावरून कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. खिशातलं पत्र तिने काढून पर्समध्ये टाकलं. मागून बूच निघाल्याचा आवाज आला. मग एक थेंब. मग दुसरा. मग तो ढवळू लागला, टुणटुण, टुणटुण, नेहमीच्याच हाताने.

ती दार ओढून बाहेर पडली.